सुनेच्या रक्तात खोट शोधण्याआधी

पत्र बेळगावच्या अनगोळहून आलंय, वहीचे चार कागद. नाव छापू नका म्हटलंय. मजकूर थोडक्यात असा:

‘लग्नाला अडीच वर्षं झाली. आमचे हे उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, सात वर्षं. गेल्या माघात मला तिसरा महिना होता, तेव्हा गर्भ गळला. त्यानंतर पुण्याच्या नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. हवेतल्या धुरानं डीएनए तुटतं, जीन खराब होतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतं, असं त्यात सांगितलंय. माझं माहेर खानापूर तालुक्यात, घरापासून वीटभट्टी दिसते. तेवढं धरून सासूबाई म्हणतात, हिच्या रक्तातच खोट असणार, बंगळूरला जाऊन जीनची टेस्ट करून घे. आई म्हणते, तिथल्या धुरात राहू नको, वर्षभर इकडं ये, आपल्याकडं झाडं आहेत. हे काहीच बोलत नाहीत. हवेनं खरंच जीन बिघडतात का? माझे बिघडले असतील का? मी कुणाचं ऐकू?’

पोरी, आधी एक सांगून टाकते, बाकीचं मग निवांत. गर्भ गळला यात तुझं काही चुकलेलं नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर बायकांपैकी दहा ते वीस जणींचा गर्भ सुरुवातीच्या महिन्यांत गळतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, एखादं जास्त नाहीतर एखादं कमी. ही चूक बहुतेकदा बीज तयार होतानाच्या वाटणीत योगायोगानं होते. तू काय खाल्लंस, कुठं वाकलीस, कुठल्या भट्टीशेजारी लहानाची मोठी झालीस, यावरून ती तुझ्या माथी मारता येत नाही. आणि एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट होतं.

आता नणंदेचा व्हिडिओ. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळं असले व्हिडिओ बघायच्या आधीच चिडायची मला सवय आहे. पण हा सगळाच खोटा नाही. बाहेरची प्रदूषित हवा कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2013 साली जाहीर केलं आणि तिला पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गोष्टींत घातलं. डिझेलचा धूर त्या गटात आदल्या वर्षीच जाऊन बसला होता. फौंड्रीतलं काम तर त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथं आहे. हे शेवटचं वाक्य तुझ्या घरात मोठ्यानं वाचून दाखव, त्याच्याकडं मी परत येणार आहे.

धूर जनुकांपर्यंत, म्हणजे तुझ्या त्या जीनपर्यंत, पोचतो कसा, हे मी मुलांना मागावरून सांगायची. माझं माहेर वडगावचं, घरी हातमाग होता. वडील मागावर बसले की ताण्याचा एखादा धागा तुटायचाच. माग थांबवायचा, तुटलेली दोन टोकं हुडकायची, पिळून गाठ मारायची, की पुन्हा धोटा सुरू. दिवसातून कितीदा तरी. लुगडं नेसणाऱ्या बाईला त्यातलं काही दिसायचं नाही. कधीतरी दिवेलागणीला अंधूक उजेडात काठाचा धागा भलत्याच धाग्याला सांधला जायचा, मग तिथून पुढं काठावर एक बारीक रेघ निघायची ती पदरापर्यंत.

पेशीत हेच चालतं. कोळसा, डिझेल, लाकूड, पाचट, विडी, काहीही अर्धवट जळालं की बेंझोपायरीन नावाचं द्रव्य तयार होतं. ते जसं आत येतं तसं फारसं काही करत नाही. आपलं शरीर त्याला पाण्यात विरघळेल असं करून बाहेर घालवायला बघतं आणि त्या खटाटोपात त्याचं एक चिकट रूप तयार होतं. डीएनए ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातल्या ग्वानीन या अक्षराला ते जाऊन चिकटतं. बारीक धुळीची वाट निराळी. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथं दाह होतो, ऑक्सिजनची खवळलेली रूपं सुटतात आणि तेच ग्वानीन गंजल्यासारखं होतं. पेशी दुप्पट व्हायच्या वेळी नक्कल करणारं यंत्र अशा जागी अडखळतं आणि भलतं अक्षर बसवतं.

पण विणकर झोपलेला नसतो. पेशीत अशा इजा रोज हजारांनी होतात, धूर नसला तरी होतात, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या दुरुस्त होतात. बिघडलेला तुकडा कापायचा, समोरच्या धाग्याकडं बघून नवा विणायचा. ही दुरुस्ती कशी होते ते उलगडल्याबद्दल 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिक आणि सॅन्कार या तिघांना मिळालं. तेव्हा इजा होणं वेगळं आणि ती चूक कायमची विणली जाणं वेगळं. व्हिडिओवाल्यांनी ‘डीएनए तुटतं’ म्हणून जो ढोल वाजवलाय, तो पहिल्या गोष्टीचा. आपल्याला काळजी दुसरीची करायची असते. धूर वाढला की इजा वाढतात, दुरुस्तीवर ताण येतो, चुकून सांधलेले धागे वाढतात. एवढंच, पण एवढं खरं.

हे डोळ्यांनी बघता येतं. तुमच्या अनगोळात निम्म्या अंगणांत ती जांभळ्या पानांची झुडपी असेल बघ, सकाळी तीन पाकळ्यांचं गुलाबी फूल येतं आणि दुपारच्या आत मिटून जातं. शास्त्रात तिला ट्रॅडेस्कँशिया म्हणतात. जगभर हवेचा जनुकांवरचा मार बघायला हिच्या कुळातली झाडं वापरतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या रस्त्यांवर तर हीच जांभळी. झुपक्यातली नेमक्या वयाची कोवळी कळी घ्यायची, काचपट्टीवर सुईनं फोडायची, ॲसिटोकार्मिनचा लाल थेंब टाकायचा, वर काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. मायक्रोस्कोपखाली पराग होऊ घातलेल्या पेशी चार-चारच्या चौकड्यांनी दिसतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. प्रत्येक फोडीत एक लाल केंद्रक. आणि एखाद्या फोडीत त्या केंद्रकाच्या बाजूला आणखी एक इवला ठिपका, मोहरीशेजारी खसखस ठेवावी तसा. वाटणीच्या वेळी गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मागं राहिला, तो हा. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. शंभर चौकड्यांत असे ठिपके किती, एवढं मोजायचं.

आम्ही एका वर्षी मुलांकडून हे करून घेतलं होतं. काही कुंड्या हायवेच्या कडेला ओळखीच्या हॉटेलवाल्याकडं, काही कॉलेजच्या मागं. आकडा सांगत नाही, कारण हायवेच्या दोन कुंड्या म्हशीनं खाल्ल्या आणि उरलेल्यांवरून कुणी काही सिद्ध करू नये. पण तो ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा एका मुलीनं डोळा वर करून विचारलं, ‘मॅडम, हे झाड आजारी आहे?’ नव्हतं. हिरवंगार, म्हणजे जांभळंगार होतं, फुलत होतं. हे तू लक्षात ठेव. ठिपका म्हणजे हवेची नोंद. त्या एका झाडाचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं. माणसांच्या गालाच्या आतल्या पेशींतही असे ठिपके मोजतात, आणि तिथंही ते गटासाठी असतं: धुरात काम करणारे पन्नास विरुद्ध न करणारे पन्नास. एकट्या माणसाला त्यावरून ‘तुझं मूल असं निघेल’ सांगता येत नाही.

पिढीत उतरण्याचा मुद्दा मात्र मला गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यावर चांगलं काम झालंय. कॅनडात हॅमिल्टन नावाचं पोलादाचं गाव आहे, ओंटारिओ सरोवराच्या काठी. तिथल्या कारखान्यांजवळ घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या पिल्लांत नवीन जनुकबदल जास्त निघतात, असं 1996 मध्ये दिसलं. पण पक्षी मासेही खातात, मग दोष पाण्याचा की हवेचा? म्हणून संशोधकांनी पांढरे उंदीर आणले. काही पोलाद कारखान्यांपासून किलोमीटरभरावर एका शेडात ठेवले, काही 30 किलोमीटर लांब खेड्यात, दोन्हीकडं दहा आठवडे. कारखान्याजवळच्यांच्या पिल्लांत नवे बदल जास्त निघाले. 2004 साली त्यांनी आणखी एक केलं. त्याच कारखान्याजवळच्या शेडात काही उंदरांना बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली हवा दिली. जागा तीच, दाणापाणी तेच, फक्त धूळ काढलेली. त्यांच्या पिल्लांत नवे बदल 52 टक्क्यांनी कमी निघाले.

आणि आता सासूबाईंना ऐकव की. तो फरक बापाकडून आला होता.

बापाकडून येण्याचं कारण साधं आहे. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात, मग ती थांबून राहतात. पुरुषाच्या वृषणात मात्र वयात आल्यापासून पेशींची वाटणी अखंड चालू. जिथं माग चालू, तिथंच धागा चुकायची संधी जास्त. कारखान्याजवळ न राहणाऱ्या माणसांतही हेच: प्रत्येक मूल आईबापांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येतं आणि त्यातले बहुतेक बापाच्या बाजूचे असतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी काही बिघडत नाही. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत, सासूबाईंतही आहेत.

चेक देशात टेप्लित्से भागात दगडी कोळशाहून हलका तपकिरी कोळसा जाळायचे. हिवाळ्यात तिथं धूर खाली साचून राहायचा. तिथल्या तरुणांचे वीर्याचे नमुने पुन्हापुन्हा घेतले, तेव्हा वाईट हवेच्या काळात शुक्राणूंतल्या डीएनएचे तुकडे जास्त निघाले, आणि शुक्राणूंची संख्या मात्र तशी घटलेली नव्हती. म्हणजे साध्या लॅबमधला रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी हे त्यात दिसलं नसतं.

हे वाचून आता सगळं नवऱ्यावर ढकलू नकोस. उंदरांत जे बदल मोजले ते डीएनएच्या अशा भागातले, जिथून शरीराचं काही बनत नाही. तिथं बदल पटकन होतात म्हणून मापाला सोयीचे, इतकंच. पिल्लं काही लुळीपांगळी झाली नव्हती. तुझ्या गळलेल्या गर्भाचा दोष तुझ्या नवऱ्याच्या फौंड्रीवर टाकावा असा पुरावा माझ्याकडं नाही, कुणाकडंच असणार नाही. मी एवढंच म्हणते की शोधायलाच निघाले असाल तर तुझं रक्त आणि तुझं माहेर ही पहिली जागा नव्हे. खोट बघायची म्हटली की आपल्याकडं बॅटरीचा झोत सुनेवरच का पडतो, हे शास्त्रातलं कोडं नाही, त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

टेस्टचं: बंगळूरला जाऊ नको. म्हणजे कधीच नको असं नाही. एकदा गर्भ गळल्यावर जनुकांची तपासणी सहसा सांगत नाहीत. दोन किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर गुणसूत्रांची चाचणी करतात, कॅरिओटाइप म्हणतात तिला, आणि ती नवराबायको दोघांची करतात. दोघांची. ‘सुनेची जीन टेस्ट’ असा काही प्रकार वैद्यकात नाही. शिवाय त्या चाचणीत दिसते ती गुणसूत्रांची जन्मजात अदलाबदल. फौंड्रीच्या किंवा भट्टीच्या धुरानं काय केलं ते तिच्यात उमटत नाही. हजारो रुपये जातील आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळणारच नाही. त्यापेक्षा तुझं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घे, बेळगावात होतं सगळं. पुढच्या वेळेचा विचार असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या किमान महिनाभर आधीपासून, डॉक्टरला विचारून. जाशील तेव्हा ह्यांनाही बरोबर ने, बाहेर बाकड्यावर बसवू नको, आत ने.

माहेरचं आता. आईचं मन मला कळतं, पण तिचं आणि सासूबाईंचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं असेल? एकीला तुझं माहेर भट्टीचा धूर वाटतं, दुसरीला झाडांची सावली. दोन्ही खरंच आहे, ऋतू वेगळे. पावसाळ्यात भट्ट्या बंद, हवा धुऊन निघालेली, तेव्हा खानापूरकडं काय, अनगोळातही हवा चांगलीच असते. कोरड्या महिन्यांत भट्ट्या लागतात, थंडीत सकाळचा धूर वर चढत नाही, ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, आणि नेमकं तेव्हाच तुझी आई तुला ‘चांगल्या हवेला’ बोलावणार. आठ-पंधरा दिवस जाऊन ये, आईजवळ रडून घे, ती गरज आहे. वर्षभर जाऊ नको. दोघांनी मिळून काढायचे दिवस आहेत हे, आणि तू तिकडं गेलीस की खोट तुझ्यातच होती हे इकडं पक्कं होऊन बसेल.

करायचं ते फौंड्रीत. हे बोलत नाहीत म्हणतेस. मला वाटतं ते घाबरलेत. शुक्राणू पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पुढचं मूल ठरवायच्या आधीचे तीन-चार महिने त्यांनी जपले तर त्याला अर्थ आहे. सगळाच हिशोब तीन महिन्यांत फिटतो असं नव्हे, शुक्राणू ज्या मूळ पेशींपासून होतात त्या जुन्याच असतात. पण आजचा धूर कमी झाला तर आजच्या इजा कमी, हे नक्की. ओतकाम चालू असताना आणि साचे फोडताना सगळ्यात जास्त धूर-धूळ उठते. मोल्डिंगच्या काळ्या वाळूत कोळशाची पूड मिसळलेली असते, रस पडला की तीच जळते. त्या वेळी तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, रुमाल घामासाठी ठीक. नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क हवा आणि तो मळला की बदलायला हवा. सुपरवायझरकडं मागावा, लाजू नये. मिळालाच नाही तर स्वतः घ्यावा, बंगळूरच्या टेस्टच्या पैशात वर्षभराचे येतील. कामाचे कपडे तिथंच बदलावेत, हातपाय-डोकं धुऊन घरी यावं; ते कपडे तू झटकू नकोस, पाण्यात बुडवून मग धू. आणि विडी-सिगारेट असेल तर ती सगळ्यात आधी. मास्क लावून आठ तास काढायचे आणि गेटबाहेर तेच बेंझोपायरीन ओठांत धरायचं, हा कुठला न्याय. छातीचा एक्स-रे वर्षाला काढावा. तो जनुकांसाठी नाही, वाळूच्या धुळीनं फुप्फुसं जातात त्यासाठी.

पेपरात ‘हवा मर्यादेत’ असं वाचून निवांत बसू नका. आपल्या देशात बारीक धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 म्हणते. या दोन आकड्यांच्या मधे आपल्यातले कितीतरी राहतात.

एक गोष्ट तू पत्राच्या तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलीस, मला मात्र तीच खटकली. सकाळी सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी सासूबाई मागच्या दारी चुलीवर तापवतात, आणि ‘पेटवायला दुधाच्या पिशव्या, फाटक्या चपला घालतात, धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून मी खिडकी लावून घेते’. पोरी, फौंड्री दोन किलोमीटरवर आहे, वीटभट्टी तीसवर. हा धूर तुझ्या उशाशी आहे, रोज, उपाशीपोटी, आणि दिवस गेले होते तेव्हाही होता. प्लॅस्टिक आणि रबर जळून जे निघतं ते नुसत्या लाकडाच्या धुराहून वाईट. फुंकणी हातात घेऊन तो सगळ्यात जास्त ओढणाऱ्या बाईचं नाव सासूबाई.

हे त्यांना भांडणात सांगू नको. सकाळी तूच आधी ऊठ आणि चूल पेटव, नाहीतर ह्यांना पेटवायला लाव. वाळकी चिपाडं, नारळाच्या करवंट्या चालतील, जमलं तर गॅसवर नाहीतर हीटरवर तापवा. दुधाच्या पिशव्या धुऊन दारामागं एका खिळ्याला अडकवून ठेव आणि घंटागाडी आली की दे. चपला पण.